सदऱ्यावरची खडी

मकर संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. ज्यांनी जुन्या पेट्या उघडून पाहिल्या असतील त्यांना खडीची चंद्रकळाही ठाऊक असेल. काळ्याभोर पोतावर रुपेरी ठिपके, बुट्टे किंवा चांदण्या उमटवलेल्या असत. हे काम विणकराचे नव्हे, छपाई करणाऱ्याचे. लाकडी ठसा चिकट खळीत किंवा शिजवून दाट केलेल्या तेलात बुडवून कापडावर मारायचा, तो ओला असतानाच त्यावर वर्ख, रुपेरी भुकटी किंवा अभ्रकाचा चुरा दाबायचा आणि वाळल्यावर न चिकटलेला भाग झटकून टाकायचा. कापडावर जे उरे ती खडी. बोटाने चाचपली तर ती कापडाहून किंचित वर आलेली लागते.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, आज दुकानात 'स्पेशल इफेक्ट' म्हणून ज्या रंगांच्या छोट्या बाटल्या मिळतात त्यांच्याविषयी आपल्या मनात उगीचच एक परकेपणा असतो. फुगणारा रंग, मोत्यासारखा झळकणारा रंग, चमकीचा रंग अशी त्यांची नावे ऐकली की हे काहीतरी मुंबई-पुण्याचे खूळ आहे असे वाटते. परंतु चिकटणारे द्रव्य, त्यात धरून ठेवलेली चमक आणि कापडावर उठून दिसणारी जाडी या तिन्ही गोष्टी आपल्या पणजीच्या लुगड्यावर होत्या. गेली तीन वर्षे मी पालम येथे माझ्या आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून शर्टांवर छापे मारण्याचे काम करते. पुस्तके आणि बसचा पास यांचा खर्च त्यातून निघतो. या कामात हाताला जे कळले आणि पुढे पुस्तकांतून ज्याची कारणे सापडली, ते मित्रमैत्रिणींसाठी आणि प्राध्यापकवर्गासाठी येथे मांडते.

प्रथम छाप्याविषयी. आई त्याला छापा म्हणते, चित्रकलेचे सर स्टेन्सिल म्हणतात. वस्तू एकच. ज्या जागी रंग हवा तेवढी जागा कापून काढलेला पत्रा, कागद किंवा प्लास्टिकचे पान. अंगणात रांगोळीसाठी भोके पाडलेला पत्रा आपण वापरतो तो छापाच. निवडणुकीच्या दिवसांत भिंतीवर चिन्ह उमटवण्यासाठी रंगारी जो कापलेला पत्रा घेऊन हिंडत तोही छापाच. आपल्या कापूसपट्ट्यात सरकी काढून दाबलेल्या गाठींवर खुणा आणि क्रमांक घालण्याची रीतही हीच. किंबहुना मनुष्याच्या अगदी पहिल्या चित्रांत छाप्याची चित्रे आहेत. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहेत भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फुंकला आहे. त्यांपैकी एक हात किमान ३९,९०० वर्षांचा आहे असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ठरले. तेथे हात हाच छापा होता.

छाप्यात एक जन्मजात अडचण आहे. समजा, वर्तुळाकार कडी उमटवायची आहे. कडी कापली की तिच्या मधली चकती सुटून खाली पडते. तिला धरून ठेवायला काहीच उरत नाही. म्हणून कडी पूर्ण न कापता दोन ठिकाणी बारीक पट्टी ठेवावी लागते. तिला आम्ही बंध म्हणतो. जपानी कारागीर तुतीच्या सालीचा कागद पर्सिमॉन नावाच्या फळाच्या रसाने घट्ट करून त्यातून अतिशय नाजूक छापे कापत. सुटणारे तुकडे धरून ठेवण्यासाठी ते छाप्यात रेशमाचे बारीक धागे घालत. धागा इतका बारीक की रंग त्याच्या खालून पसरून त्याची खूण राहत नसे. पुढे धाग्यांऐवजी चौकटीवर ताणलेले संपूर्ण रेशमी कापडच वापरले की झाली स्क्रीन छपाई. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली अशा छपाईचे पेटंट घेतले. म्हणजे स्क्रीन छपाई ही छाप्याचीच शिकलेली धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या लिपीकडे वळू. येथेच खरी गंमत आहे, आणि या विषयावर कोठे फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. रोमन लिपीत ए, ओ, बी अशा थोड्याच अक्षरांची पोटे बंद असतात. देवनागरीत व, ब, क यांची वाटोळी पोटे तर बंद आहेतच, पण शिरोरेघेमुळे आणखी कितीतरी अक्षरे बंद होतात. 'पालम' हा आपल्याच गावाचा शब्द घ्या. 'प' नुसता पाहिला तर वरून उघडा वाटतो. शिरोरेघ दिली की त्याचे पोट बंद झाले. 'म'चे तसेच. डावीकडची उभी रेघ, खालची आडवी रेघ, उजवा दंड आणि वर शिरोरेघ अशा चार भिंतींची ती खोली आहे. शिवाय डाव्या कोपऱ्यात गाठ काढण्याची सवय असेल तर ती निराळी. 'ल' आणि काना मात्र खाली उघडे, त्यांचा त्रास नाही. म्हणजे तीन अक्षरी नावात दोन तुकडे सुटून पडणार. 'ब'मध्ये पोटाला मधून रेघ असल्याने एका अक्षरातच दोन तुकडे, 'ष'मध्येही दोन. याउलट थ, ध आणि भ ही अक्षरे पाहा. त्यांची शिरोरेघ डावीकडे तोडलेली असते. य, घ, म यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ती तोडतात हे आपण शाळेत शिकलो. छापा कापणाऱ्याला मात्र तेथे आयता बंध मिळतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, बंध शिरोरेघेतच ठेवायचा. प्रत्येक बंद अक्षराच्या पोटावर शिरोरेघ ज्वारीच्या दाण्याएवढी तोडायची. दुसरा, शिरोरेघ छाप्यात कापायचीच नाही. आधी अक्षरे उमटवायची, ती वाळल्यावर सरळ कापलेल्या दुसऱ्या छाप्याने शिरोरेघ ओढायची. मला दुसरा उपाय अधिक आवडतो. शब्द अखंड दिसतो आणि रेघेला वेगळा रंगही देता येतो. मात्र व, ब, क यांच्या पोटांना त्याचा उपयोग नाही. तेथे बंध ठेवूनच कापावे लागते आणि वाळल्यावर बारीक ब्रशाने ती फट भरावी लागते. ज्यांना फट तशीच ठेवायला आवडते त्यांनी ठेवावी. गाठींवरच्या आणि मालगाडीच्या डब्यांवरच्या तुटक अक्षरांची आपल्या डोळ्यांना सवय आहेच.

छाप्यासाठी आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मा वापरतो. कागद रंगाने फुगतो, पुठ्ठ्याची कड दोन-चार शर्टांत मऊ पडते आणि पत्रा कापणे घरी शक्य नसते. एक्स-रेची फिल्म लवचिक, पाण्याला दाद न देणारी आणि कडेला धारदार राहणारी असते. तिच्यावरचा काळा थर म्हणजे जिलेटिनमध्ये धरलेली चांदी. कपडे पांढरे करण्याचे द्रव पाण्यात घालून फिल्म काही वेळ भिजवली, की तो थर सुटतो आणि स्वच्छ निळसर पान हाती येते. हे काम अंगणात, हातमोजे घालूनच करावे. आणखी एक. फिल्मवर रोग्याचे नाव असते. ती पट्टी आधी कापून टाकावी. दुसऱ्याच्या छातीचे चित्र आपल्या कलेसाठी मिळाले आहे, निदान त्याचे नाव तरी झाकले पाहिजे. आता दवाखान्यांतून एक्स-रे संगणकावर पाहतात, त्यामुळे अशा फिल्मा पूर्वीइतक्या मिळत नाहीत.

कापताना खाली काच आणि हातात नव्या पात्याचा कटर असावा. वळण आले की हात न वळवता फिल्म फिरवावी. आधी पोटातले लहान तुकडे कापावे, बाहेरची कड शेवटी. उलट केले तर बारीक तुकडा कापताना बाकीची फिल्म डगमगते.

रंग लावण्याविषयी नवशिक्यांची समजूत अशी असते की रंग पातळ असला म्हणजे तो नीट पसरेल. छाप्याच्या कामात पसरणे हाच शत्रू आहे. पातळ रंग छाप्याच्या कडेखाली शिरतो आणि अक्षराला मिशा फुटतात. म्हणून रंग बाटलीतून येतो तसाच दाट घ्यावा. गादीवाल्याकडे मिळणारा फोमचा तुकडा त्यात टेकवावा, जुन्या कापडावर दोनदा टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि मग उभा धरून ठोकत ठोकत रंग द्यावा. पुसल्यासारखा फिरवू नये. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. शर्टाच्या आत पुठ्ठा घातलेला असावा, नाहीतर छातीवरचा रंग पाठीवर जातो.

आता बाटलीत काय असते ते पाहू. कापडाचे रंग दोन जातींचे. एका जातीचा रंग धाग्याच्या आत शिरतो. आपण ज्याला रंगवणे म्हणतो ते हे. दुसऱ्या जातीचा रंग म्हणजे न विरघळणारी बारीक भुकटी. ती धाग्यावर बसते आणि एक चिकट द्रव्य तिला तेथे धरून ठेवते. बाटलीतले रंग बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात आणि चिकट द्रव्य म्हणजे ॲक्रिलिकचे पाण्यातले दुधाळ मिश्रण. पाणी उडाले की त्याचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. इस्त्रीची उष्णता दिली की तो पापुद्रा अधिक घट्ट बांधला जातो. खडीच्या कामातली खळ किंवा तेल हेच काम करीत होते. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, आपल्याकडे ज्या कॅमलच्या बाटल्या घरोघर माहीत आहेत त्यांची सुरुवात दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई बनवण्यापासून केली. २०११ साली कोकुयो या जपानी कंपनीने त्या उद्योगात मोठा हिस्सा घेतला.

रंगाचा पापुद्रा धाग्याला धरतो म्हणून धागा उघडा हवा. नव्या कापडाला खळ असते. ती न धुता रंग दिला तर रंग खळीला चिकटतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. सुती कापड खरखरीत आणि पाणी शोषणारे, त्याला रंग चांगला धरतो. टेरिकॉटला कमी. तिरुपूरहून येणारे होजिअरीचे शर्ट सुती असले तरी ताणले जातात, आणि पापुद्रा जाड असेल तर ताणताना त्याला भेगा पडतात.

विशेष रंगांपैकी मोतिया रंग मला सर्वांत आवडतो. त्यात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा त्याहूनही पातळ थर दिलेला असतो. त्या थराच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रुपेरी, सोनेरी, निळसर झाक येते. डांबरी रस्त्यावर पाण्यात तेल सांडले की जसे रंग दिसतात तसेच हे. खडीत अभ्रक होते, येथेही अभ्रकच. काळ्या किंवा गडद शर्टावर साधा रंग बुडून जातो. तेथे आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. मोतिया रंग मात्र गडद कापडावरच अधिक खुलतो. चंद्रकळा काळी का असते याचे एक उत्तर कदाचित हेही असेल.

फुगणाऱ्या रंगाची युक्ती निराळी. त्यात डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे पोकळ गोळे असतात आणि त्यांच्या पोटात सहज वायू होणारे द्रव भरलेले असते. उष्णता दिली की गोळ्याचे कवच मऊ पडते, आतले द्रव वायू होते आणि गोळा फुगतो. त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. थंड झाले की कवच तसेच ताठ राहते. ज्वारीची लाही फुटते तसेच, फक्त येथे कवच फुटत नाही. हा रंग वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, तो पूर्ण वाळल्याशिवाय उष्णता देऊ नये, आतल्या पाण्याची वाफ होऊन फोड येतात. दोन, इस्त्री उलट बाजूने द्यावी, वरून दाबली तर फुगलेले चेपते. म्हणून साधे रंग आधी लावून इस्त्रीने पक्के करावे आणि फुगणारा रंग सर्वांत शेवटी घ्यावा. तीन, रंग फुगताना बाजूलाही सरकतो. अक्षरातली बारीक फट त्यात बुजते. 'ब' फुगला की त्याचा 'व' होतो, आणि 'बाबा'चे 'वावा' होते.

अंधारात उजळणारे आणि उष्णतेने रंग बदलणारे रंगही असतात. उष्णतेने रंग बदलणाऱ्या शर्टांची अमेरिकेत १९९१ च्या सुमारास मोठी लाट आली आणि लवकरच ओसरली, कारण धुण्याच्या गरम पाण्याने त्यांचा गुण जाई. आमच्याकडे मे महिन्यात तसा शर्ट दिवसभर एकाच रंगाचा राहील.

हे सर्व ज्ञान कसाला लागले ते एका लेझीम पथकामुळे. जवळच्या एका गावातील शाळेने २६ जानेवारीसाठी ४२ पांढरे शर्ट आमच्याकडे दिले. पाठीवर 'लेझीम पथक', छातीवर लेझीम, आणि ती चमचमती, फुगलेली हवी. माप द्यायला मुलांबरोबर काही पालकही आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी नमुना हातात घेऊन आईला विचारले, "बाई, हे धुतल्यावर ऱ्हाईल का? लेकराला वर्षभर शाळेत ह्योच घालायचाय." या प्रश्नाला बाटलीवरच्या सूचनांत उत्तर नव्हते. तेथे लिहिलेले असते की, कपडा उलटा करून थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावा. ज्या घरात तो शर्ट जाणार होता तेथे बोअरचे जड पाणी, धुण्याचा साबण, दगड आणि धोपटणे.

म्हणून मी आधी चिंध्यांवर प्रयोग केला. एकाच पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे घेतले. साधा रंग इस्त्रीशिवाय, साधा रंग इस्त्री करून, मोतिया, चमकीचा आणि फुगणारा. शेवटच्या तिघांनाही इस्त्री होतीच. तीन दिवस वाळू दिले आणि मग आईने घरचे धुणे धुते तसेच ते दगडावर दहा वेळा धुतले. इस्त्री न केलेला रंग तिसऱ्या धुण्यापासून कडेला उलू लागला. इस्त्री केलेला साधा रंग दहाव्या धुण्यानंतरही शाबूत होता, थोडा मंद झाला इतकेच. मोतियाची झळाळी कमी झाली, पण आकार राहिला. चमकी पाचव्या धुण्यापर्यंत निम्मी झडली होती. फुगलेला रंग जेथे धोपटणे बसले तेथे चेपून घासला गेला. चोळून धुतला असता तर कदाचित टिकला असता, पण दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईने एकेक शर्ट हळुवार चोळावा ही अपेक्षा करणारी मी कोण?

चमकीविषयी आणखी एक गोष्ट. चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पानाचे बारीक तुकडे. त्या पाच धुण्यांत जी झडली ती मोरीतून ओढ्यात आणि ओढ्यातून गोदावरीत जाणार. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंधने घातली ती याच कारणाने. मी तेव्हापासून चमकीची बाटली घेतलेली नाही.

शाळेतल्या गुरुजींना हे तुकडे नेऊन दाखवले. फुगलेल्या लेझमीचा त्यांना फार मोह होता, तो सोडायला त्यांना थोडा वेळ लागला. शेवटी पाठीवर साधा निळा रंग, छातीवर मोतिया लेझीम आणि फुगणारा रंग मुळीच नाही असे ठरले. इस्त्री गावातल्या परिटाच्या कोळशाच्या इस्त्रीवर केली. तिला उष्णतेचा काटा नसतो. आधी पांढऱ्या चिंधीवर टेकवून पाहायची, पिवळा डाग पडला तर थांबायचे. मग उलट बाजूने, मधे जुने धोतर घालून, प्रत्येक छाप्यावर चार-पाच मिनिटे. ४२ शर्टांना परिटाचा आणि माझा मिळून पूर्ण एक दिवस गेला.

आता पैशांचे. नांदेडला यंत्रावर छापून घेतलेले शर्ट आमच्यापेक्षा स्वस्त पडतात हे मान्यच केले पाहिजे. शे-दोनशे सारखे शर्ट हवे असतील तर स्क्रीन छपाईशी हाताने कोणी स्पर्धा करू नये. तेथे एकदा चौकट तयार झाली की पुढचा प्रत्येक शर्ट क्षणाचे काम. परंतु दहा शर्ट आणि दहा वेगळी नावे असतील, किंवा अंगातल्या जुन्याच शर्टाला नवे रूप द्यायचे असेल, तर छापाच परवडतो. फिल्म फुकटची आणि एका शर्टाचा रंगही थोडकाच लागतो. खर्च होतो तो वेळ. गिऱ्हाईक रंगाचे पैसे बिनतक्रार देते, वेळाचे मागितले की "घरीच तर बसून करता" असे म्हणते. हा अनुभव शिवणकाम करणाऱ्या सर्व बायकांचा आहे. आम्ही आता पाटीवर रंगाचा दर लिहीतच नाही, अक्षराचा दर लिहितो. बंद पोटाच्या अक्षराला थोडा जास्त. गिऱ्हाईक हसते, पण 'ब' कापायला किती वेळ लागतो ते समोर बसून पाहिल्यावर घासाघीस करीत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. आमच्या शिवारात कापूस पिकतो. तो गाठी होऊन बाहेर जातो आणि इचलकरंजी, भिवंडी, तिरुपूर अशा कोठल्या तरी गावचे कापड किंवा शर्ट होऊन पालमच्या बाजारात परत येतो. कापड विणणारी नांदेडची उस्मानशाही गिरणी केव्हाच बंद झाली. एवढ्या प्रवासात त्या कापसावर आमच्या तालुक्याच्या हाताचे काम एकच उरते, वेचणीचे. छापा मारला म्हणजे दुसरे एक काम, अगदी शेवटच्या टोकाला, पुन्हा आमच्या हाती येते. ते फार मोठे नाही. ४२ शर्टांचे होते.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी आपल्या नावापासून नव्हे, एखाद्या सोप्या पानापासून सुरुवात करावी आणि जुना, धुऊन मऊ झालेला सुती शर्ट घ्यावा. त्यातली खळ कधीच गेलेली असते. काम झाले की छापा रंग ओला असतानाच धुवावा. वाळलेला ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही आणि नखाने खरवडला तर बंध तुटतात. धुतलेल्या फिल्मा वर्तमानपत्राच्या घड्यांत सपाट ठेवाव्या, गुंडाळू नयेत. आमच्याकडे त्या पेटीच्या तळाशी आहेत. माझ्याजवळ सध्या 'ब'चे तीन छापे शिल्लक आहेत. कोणाला हवे असल्यास मधल्या सुटीत येऊन न्यावेत.